नदीकाठचा रस्ता: कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं?

काठावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

चिपळूणला आमच्या वाडीमागून वाशिष्ठीच्या कडेने एक रस्ता जातो. पूर्वी ती पायवाट होती, गुरं पाण्यावर न्यायची. २०२१ च्या पुरानंतर नदीतला गाळ काढायला यंत्रं आणि डंपर आले. त्यांच्यासाठी वाट रुंद झाली, वर मुरूम पडला. यंत्रं गेली, वाट राहिली. मग लोक सकाळी फिरायला यायला लागले. कुणीतरी दोन बाकडी टाकली, कुणी कडेला सुरंगीची रोपं लावली (त्यातलं एक जगलंय). भरतीला पाणी कसं गुपचूप चढतं ते बाकावर बसून दिसतं. ओहोटीला समोरच्या चिखलात मगर ऊन खात पडलेली असते. आम्ही चौघं म्हातारे रोज साडेसहाला तिथे हजर.

गेल्या वर्षी हा रस्ता गाडीवाल्यांना सापडला. बाजारातली कोंडी चुकवायला आधी रिक्षा आल्या, मग कार. मग चिऱ्याचे ट्रक, वाळूच्या ट्रॉल्या. मुरमाचा चिखल झाला आणि काठाची कड एके ठिकाणी हातभर खचली. आम्ही अर्ज दिला, त्याच्या मागे लागलो, शेवटी बोर्ड लागला: 'जड वाहनांस प्रवेश बंद'. एक पावसाळासुद्धा टिकला नाही. ट्रॉलीच्या धक्क्याने खांब वाकला, पत्रा खाली आला. हल्ली तो पत्रा शेजारच्या काकूंच्या दारात गटारावर टाकलेला आहे, अक्षरं वर करून. त्यांच्याकडे जायचं तर 'प्रवेश बंद'वर पाय देऊनच प्रवेश करावा लागतो.

नवा बोर्ड मागायची आता इच्छा नाही. मी म्हणतो, गाडी अडेल असं काहीतरी रस्त्यातच असलं पाहिजे. लोखंडी कमान, खुंट, काहीही. तुमच्या गावांत नदीकाठच्या रस्त्यांवर काय केलंय? काय चाललं, काय फसलं, ते सांगा.

शिवनदी

काका, मी चिपळुणातलीच, पेठमापची. पत्र्याचं वाचून हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. माझा प्रश्न सरळ आहे. तो रस्ता निळ्या रेषेच्या आत येतो का? निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध. तिथे बाग, मैदान, शेती असलंच मोकळं काहीतरी चालतं. आपल्याकडे पूररेषांवरून एवढं आंदोलन झालं ते घरा-दुकानांसाठी. रस्त्याचं कुणी बोललंच नाही. शिवाय भरती जिथवर पोचते तिथे सीआरझेडही (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध) लागतो. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी असेल ते. तुमचा रस्ता त्यात नक्की असणार. उद्या तुम्ही काँक्रीटच्या कमानीची मागणी केलीत तर कुणीतरी शहाणा सांगेल, 'कमान कशाला, रस्ताच पक्का करू', आणि मग बसा.

काठावरचा

ताई, हीच भीती आहे. पक्का रस्ता नकोच आहे. मुरूम राहू दे.

कुडाळचो_झील

आमच्याकडे भंगसाळ नदी आसा. तिका बोर्ड नको नि कमान नको. जून लागलो की ती सोताच रस्तो बंद करता. पोलीस येवच्या आधी येता नि पोलीस गेल्यार जाता. तुमी उगीच डोक्याक ताप करून घेतास :)

मांडवीपार

झीला, तुझं खरं, पण आठ महिने कोरडे असतात त्याचं काय?

आमच्या पणजीत नदीकाठचा रस्ता म्हणजे दयानंद बांदोडकर मार्ग. मांडवीच्या कडेने मिरामारपर्यंत. काठावर झाडं, फुटपाथ, समोर कॅसिनोच्या बोटी. संध्याकाळी तिथे जागा मिळाली तर नशीब. पण तो शहराचा मुख्य रस्ता झाला आणि नदी मागच्या बाजूला गेली, असं माझं मत. बसलेल्या माणसाच्या पाठीशी सतत हॉर्न. बंदी म्हणाल तर तिथून जवळच उत्तम उदाहरण आहे: २०१९ ला खुला झालेला मांडवीवरचा अटल सेतू. त्याच्यावर दुचाकी आणि तीनचाकी चालत नाहीत. सुरुवातीला चुकून चढायचे लोक, हळूहळू कळलं. तिथे बंदी चालते, कारण पुलावर चढायची तोंडं मोजकी आहेत. तुमच्या रस्त्याला किती तोंडं आहेत ते आधी मोजा. दोन असतील तर सोपं. सहा असतील तर कमान लावून उपयोग नाही, गाड्या सातवं तोंड शोधतील.

काठावरचा

तोंडं तीन. एक बाजाराकडचं, एक वाडीतलं, एक वरच्या बाजूला शेतातून. शेतातलं तोंड पावसात आपोआप बंद असतं.

चार्ल्सकाठी

मी मूळचा गुहागर तालुक्यातला, मुक्काम बोस्टन. काका, तुमचा पत्रा वाचला आणि म्हटलं, इथेही तेच, फक्त इथला पत्रा महाग.

इथे चार्ल्स नदीच्या काठाने स्टॉरो ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, १९५१ सालचा. त्यावर फक्त कार चालतात. ट्रक नाही, बस नाही, सामानाचा टेम्पो नाही. कारण कुणाची मर्जी नाही, वरचे पूलच बुटके आहेत. दहा फुटांच्या आसपास. चढायच्या तोंडावर 'फक्त कार' अशा पाट्या साखळ्यांनी टांगलेल्या आहेत. उंच गाडी आली की पाटी टपावर धाडकन आपटते आणि चालवणाऱ्याला जाग येते. म्हणजे यायला हवी. दर वर्षी १ सप्टेंबरला इथे हजारो विद्यार्थी खोल्या बदलतात. ज्याने आयुष्यात कधी ट्रक चालवला नाही तो भाड्याचा ट्रक घेतो, त्यात गाद्या-टेबलं भरतो, मोबाइल सांगेल तसा जातो आणि पुलाखाली ट्रकचं टप डब्याच्या झाकणासारखं सोलून निघतं. इथल्या लोकांनी त्याचं क्रियापदच करून टाकलंय, ट्रक 'स्टॉरो झाला' म्हणतात.

पण खरी गंमत नावाची आहे. जेम्स स्टॉरो या गृहस्थांनी चार्ल्सवर धरण व्हावं म्हणून खटपट केली होती. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीने, हेलन स्टॉरो यांनी, नदीकाठच्या बागेसाठी भरघोस देणगी दिली आणि बागेतून रस्ता न्यायला ठाम विरोध केला. त्या १९४४ ला गेल्या. १९४९ ला रस्त्याचा कायदा झाला. आणि रस्त्याला नाव कुणाचं, तर त्यांच्याच नवऱ्याचं.

अजून एक. हा रस्ता वाहतूक खात्याकडे नाही, बागा सांभाळणाऱ्या खात्याकडे आहे. समोरच्या काठावर मेमोरियल ड्राइव्ह आहे. त्याचा एक तुकडा उन्हाळ्यात रविवारी गाड्यांना बंद असतो. पोरं रस्त्याच्या मधोमध सायकल शिकतात.

शिवनदी

हेलनबाईंची गोष्ट लागली मनाला. काका, तुमच्या बाकांवर आत्ताच नाव लिहून ठेवा हो.

पुणेरी_पाहुणा

आमच्या नदीपात्रातल्या रस्त्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो (पुण्याचा उल्लेख नसेल तर धागा पूर्ण होत नाही, असा नियम आहे). भिडे पूल आणि त्याच्या बाजूचा पात्रातला रस्ता दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भोंगे वाजतात, बातम्या येतात, सगळ्यांना माहीत असतं. तरी कुणाची तरी गाडी पात्रात उभी असतेच. सोय झाली की नदी आहे हे माणूस विसरतो, एवढाच माझा मुद्दा. तुमच्या रस्त्याचा 'शॉर्टकट' एकदा का लोकांच्या अंगवळणी पडला की मग बंदी घालणारा तो खलनायक. जे करायचं ते लवकर करा.

निवृत्त_चालक

एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी चिपळूण डेपोत. कमानीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो.

कमान उंची मोजते. तुमचा रस्ता मोडतोय तो वजनाने. चिऱ्याची ट्रॉली बघा. चिरे भरलेली ट्रॉली माणसाच्या छातीएवढी उंच. सात फुटांच्या कमानीखालून शिट्टी वाजवत जाईल. आणि अडेल कोण? १०८ ची रुग्णवाहिका, ती आठ फुटांच्या वर आहे. अग्निशमनचा बंब. पुराच्या वेळी होड्या घेऊन येणारा ट्रक. म्हणजे ज्याला अडवायचं तो गेला आणि ज्याला सोडायचं तो अडकला.

म्हणून रुंदी अडवा. दोन खुंट, मध्ये सहा फूट. साधी कार निघते. रिक्षा निघते, छोटा हत्ती निघतो, म्हणजे मासळीवाल्यांची सोय राहते. ४०७ ट्रक निघत नाही, ट्रॉली निघत नाही. मी आज शेजारची ट्रॉली टेपने मोजली, साडेसहा भरली. आणि खुंट मांडीएवढेच ठेवा, कमरेच्या वर नको. म्हणजे कारचे आरसे वरून जातात. उंच खुंट केलेत तर रोज एक आरसा फुटेल आणि रोज एक भांडण.

मांडवीपार

दंडवत घ्या चालकसाहेब. मोठ्या एसयूव्हीवाल्यांचं काय? त्या सहा फुटांत बसायच्या नाहीत.

निवृत्त_चालक

नाही बसणार. जा म्हणावं बाजारातून.

चिरेखाण

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझ्या दोन गाड्या आहेत, चिऱ्याच्या. हो, त्या रस्त्याने जातात. का जातात ते विचारा. बाजारातून गाडी नेली तर दुकानदार शिव्या देतात, सकाळी शाळेची वेळ, दुपारी माल उतरवायच्या गाड्या, संध्याकाळी तर बोलायलाच नको. हायवेवरून वळसा घातला तर डिझेल कोण देणार? गिऱ्हाईक देत नाही. परशुराम घाटाचं काम चालू होतं तेव्हा, २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये, रोज दुपारी बारा ते पाच घाट बंद. आम्ही चिरणी मार्गे गाड्या फिरवल्या, निमूटपणे. दर गणपतीला हायवेवर सोळा टन आणि त्यावरच्या गाड्यांना बंदी येते. दूध, गॅस, औषधं सोडतात, आम्ही उभे. तेही मान्य. चाकरमानी येतात, आमचेच भाऊबंद आहेत. पण प्रत्येक वेळी बंदी आमच्यावरच का? तुमची घरं ज्या चिऱ्यांची आहेत ते चिरे काही होडीतून आले नाहीत.

काठावरचा

चिरेखाण, तुमचं म्हणणं रास्त आहे. माझंही घर चिऱ्याचंच. पण घाटाची बंदी पाळलीत ना? का पाळलीत? कारण ती ठरावीक वेळेची होती आणि तोंडावर माणूस उभा होता. आमच्याकडे माणूस उभा करायला कुणी तयार नाही. म्हणून खुंट.

आणि काठाची कड खचली ती जागा तुम्ही पाहिली असेल. पुढच्या वेळी तिथे गाडी कलंडली तर आत तुमचाच ड्रायव्हर असेल.

चिरेखाण

पाहिली आहे. मी माझ्या पोरांना तिथून लोडेड न्यायला आधीच मना केलंय. रिकामी नेतात. पण इतरांचं मी काय सांगू.

सावित्रीकाठ

महाडचा आहे. कड खचली म्हणालात म्हणून लिहावंसं वाटलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी गेल्या, आणखी गाड्या गेल्या. त्या पुलावरून आम्ही लहानपणापासून जात होतो. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुकच आहे. पण जुन्या पुलावरून गाड्या कधी थांबवायच्या हे आधी कुणी ठरवलं असतं तर.

नदीकाठी वजन आणि पाणी एकत्र आलं की रस्ता आतून पोखरला जातो, वरून काही दिसत नाही. तुम्हाला हातभर कड खचलेली दिसली, म्हणजे आत जास्त गेली असणार. खुंट लावाल तेव्हा लावा. त्या जागी आजच दोन दगड आणि लाल फडकं लावून ठेवा.

काठावरचा

लावलं. आत्ताच जाऊन आलो. काकूंनी जुनी लाल साडी दिली.

वकीलबुवा

फी न घेता दोन शब्द. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. सार्वजनिक सुरक्षा, सोय किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप यासाठी ठरावीक प्रकारच्या वाहनांना एखाद्या भागात किंवा रस्त्यावर बंदी घालता येते. अधिकार राज्य शासनाचा किंवा शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचा. तुमच्या उपयोगाची गोष्ट पुढे आहे: बंदी एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर नीट प्रसिद्धी द्यावी लागते. अर्जात 'कायमची बंदी घाला' लिहू नका. 'प्रायोगिक, एक महिना' लिहा. कायमचं म्हटलं की फाइल जाड होते आणि जाड फाइल खाली जाते.

आणि स्वतःहून खुंट पुरू नका. उद्या रात्री कुणी दुचाकीवाला आपटला तर सगळं तुमच्या अंगावर. परवानगी घ्या, खुंटांना पांढरे-काळे पट्टे आणि चमकणारी पट्टी लावा.

शिवनदी

मला एक अडचण दिसतेय. खुंट लावले, सहा फूट ठेवले. पूर आला. २२ जुलै २०२१ ला पहाटे अंधारातच पाणी चढलं, आम्ही माळ्यावर. बाहेरून मदत येणाऱ्यांना गावात शिरायलाच रस्ता नव्हता. अशा वेळी नदीकाठचा रस्ता तसाही पाण्याखाली असणार हे मान्य. पण पाणी उतरल्यावर? चिखल काढायला जेसीबी, पाण्याचे टँकर, औषधं, सगळं मोठ्या गाड्यांतून येतं. तेव्हा खुंट आड येणार. एक खुंट काढता येणारा करा, कुलपाचा. मग प्रश्न: किल्ली कुणाकडे?

पुणेरी_पाहुणा

किल्ली कार्यालयात. कार्यालय पाण्यात. चाबी साहेबांकडे. साहेब रजेवर.

निवृत्त_चालक

हसण्यावारी नेऊ नका. डेपोतला अनुभव सांगतो, जी वस्तू सगळ्यांच्या ताब्यात असते ती कुणाच्याच ताब्यात नसते. दोन किल्ल्या करा. एक अग्निशमनकडे. दुसरी जो माणूस घर सोडून कुठे जात नाही त्याच्याकडे.

चार्ल्सकाठी

बोस्टनला एक फरक आहे तो लिहायचा राहिला. चार्ल्सचं पाणी धरणाने एका पातळीला धरून ठेवलंय. काठ रोज वर-खाली होत नाही. म्हणून तिथे प्रश्न फक्त गाडीच्या उंचीचा. आपल्याकडे वाशिष्ठीला खालून भरती, वरून पाऊस आणि त्यात कोयनेच्या वीजघरांचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी. तिकडचं उत्तर जसंच्या तसं उचलू नका.

पॅरिसचं मात्र जवळ जातं. सीनच्या काठी अगदी पाण्यालगत १९६७ साली गाड्यांचा रस्ता केला. नदी चढली की तो पाण्याखाली, पोलीस येऊन बंद करणार. शेवटी २०१६ ला उजव्या काठावरचा ३.३ किलोमीटरचा पट्टा गाड्यांना कायमचा बंद केला. खूप आरडाओरडा झाला, कोर्टात गेले लोक. आता तिथे माणसं चालतात. पाणी आलं तर चालणारा वर जातो, विषय संपला.

सावित्रीकाठ

हे पटलं. त्यापुढे एक सुचवतो. पावसाळ्यात बंद कधी करायचं हे माणसावर सोडू नका, पाण्यावर सोडा. पुलाच्या खांबावर इशारा आणि धोक्याच्या पातळीचे आकडे असतात, तसाच तुमच्या रस्त्याजवळ एक दगड पक्का करा आणि त्यावर लाल रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की कारसुद्धा बंद. कुणाला विचारायला नको, कुणाची सही नको.

कुडाळचो_झील

मगे मी काय वेगळा सांगी होतंय? नदीच बंद करता म्हणान!

सावित्रीकाठ

झीला, तू बरोबरच होतास. फक्त तुझ्या नदीला आम्ही रंग देतोय.

मांडवीपार

अवांतर: गणपती विसर्जनाला खुंट आड येणार नाहीत का? मंडळांचे ट्रक काठावर येतात.

काठावरचा

आमच्या वाडीतले गणपती डोक्यावरून येतात, एकामागोमाग एक, टाळ वाजवत. डोक्यावरच्या गणपतीला सहा फूट खूप झाले. मंडळाचे दोन मोठे गणपती आहेत ते दुसऱ्या घाटावर जातात. तिथे उतार चांगला आहे.

चिरेखाण

काका, एक सुचवू? बाजाराकडचं तोंड खुंट लावून बंद करा. शेतातल्या तोंडाला हात लावू नका. सकाळी सहा ते आठ आम्ही येणार नाही, शब्द देतो. बाकीच्या वेळी रिकाम्या गाड्या शेताकडून बाहेर काढू. लोडेड गाडी नदीच्या कडेने नाही. मी बाकी तीन-चार मालकांशी बोलतो. ते ऐकतील की नाही ते तेच जाणोत.

शिवनदी

रिकामी गाडीसुद्धा नको, असं मी म्हणणार होते. पण शब्द दिलाय, तर आधी बघू तरी. काका?

काठावरचा

मला चालेल. पूर्ण नाही आवडलं, पण चालेल. गेल्या वर्षभरात कुणी गाडीवाल्याने आम्हाला वेळ विचारली नव्हती.

वकीलबुवा

शब्द लेखी घ्या :)

काठावरचा (एकोणीस दिवसांनी)

धागा वर काढतोय.

अर्ज गेला, वकीलबुवांनी सांगितलं तसा, एक महिन्याचा. मिळाली परवानगी. सध्या काँक्रीट नाही. नारळाचे दोन जुने बुंधे मिळाले, तेच बाजाराकडच्या तोंडाला उभे केलेत, पट्टे मारून. निवृत्त चालकसाहेब स्वतः टेप घेऊन आले. सहा फूट म्हणजे सहा फूट, एक इंच इकडे-तिकडे नाही. पहिल्या दिवशी एक गाडी अडकली, दरवाजावर ओरखडा गेला. त्या गृहस्थांनी आमच्या चौघांचा पूर्ण उद्धार केला आणि रिव्हर्स घेतली. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवसापासून कुणी आलं नाही. चिरेखाणांच्या गाड्या शब्दाला जागल्या. दुसऱ्या कुणाची एक ट्रॉली रात्री शेतातून आली होती, चाकोरी दिसली. बोलणं चालू आहे.

लाल रेघेचा दगड बसवलाय. भर उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर येतं ते बघून त्याच्या दीड हात वर रेघ मारली.

डावा बुंधा उचलून काढता येतो, साखळी-कुलूप लावलंय. एक किल्ली अग्निशमनला दिली. दुसरी कुणाला द्यायची यावर आमच्यात दोन दिवस वाद. शेवटी पत्र्यावाल्या काकूंकडे गेलो. त्या गेल्या आठ-दहा वर्षांत एका रात्रीसाठीसुद्धा घर सोडून गेलेल्या नाहीत, पुरातही नाहीत. म्हणाल्या, ठेवते, पण मी सांगेन तिथेच. आत नेलं. भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंग देताना त्यांनी मुद्दाम तेवढी पट्टी सोडलीय. त्या रेघेच्या वीतभर वर खिळा ठोकायला लावला आणि किल्ली टांगली.

मग मी हळूच म्हटलं, काकू, तो बोर्डाचा पत्रा परत द्या, खुंटाजवळ लावू. म्हणाल्या, आधी गटारावर कडाप्पा टाका, मग न्या. कडाप्पा अजून आलेला नाही.